घरचा सर्व्हर बाहेरून वापरायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी एका लहान संगणकावर फोटो, फायली, पासवर्डची तिजोरी आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं हाताळणारं सॉफ्टवेअर) चालतं. घरात असताना सगळं सुरळीत, बाहेर पडलं की काहीच हाती लागत नाही. मग राउटरवर प्रत्येक सेवेसाठी एकेक पोर्ट फॉरवर्ड करावा (म्हणजे बाहेरून त्या नंबरवर आलेली विनंती आतल्या सेवेकडे वळवावी), नेहमीचे नंबर टाळून वेगळेच ठेवावेत, पासवर्ड लांबलचक ठेवावेत, एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. प्रत्येक सेवेसाठी पोर्ट उघडू नका. बाहेरच्या बाजूने एकच पोर्ट ठेवा, तोही यूडीपीचा (आधी जोडणी न जुळवता डेटाचे तुकडे पाठवण्याची पद्धत), आणि त्याच्यामागे वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवा. आधी टनेलमधून, म्हणजे वायरगार्डच्या एन्क्रिप्टेड वाटेने, घरच्या नेटवर्कमध्ये यायचं, मग जी सेवा हवी ती वापरायची. ज्यांच्या घरी सार्वजनिक आयपी पत्ताच मिळत नाही त्यांच्यासाठी मार्ग थोडा वेगळा आहे, तो पुढे सांगतो. पण आधी मूळ प्रश्नातल्या दोन्ही उपायांवर एवढा भरवसा का ठेवू नये, ते बघू.

नंबर बदलल्याने पोर्ट लपत नाही. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, यंत्राला नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे इंटरनेट चाळणारं साधन प्रसिद्ध केलं, तेव्हाच एका संगणकावरून, गिगाबिट जोडणीवर, एका पोर्टसाठी सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून होत होते. शोडान हे शोधयंत्र तर २००९ पासून असं चाळून निकाल कुणालाही शोधता येतील असे मांडून ठेवतं. तुमचा पत्ता कुणी मुद्दाम शोधत नसतं हे खरं, पण सरसकट सगळे तपासणाऱ्याला मुद्दाम शोधावं लागतच नाही.

पासवर्ड लांब असावा यात वाद नाही. मात्र लॉगिनच्या पानापर्यंत येऊन पासवर्डचे अंदाज बांधणाऱ्यालाच तो अडवतो. त्या सॉफ्टवेअरमध्येच त्रुटी असेल तर पासवर्ड विचारला जाण्याआधीच खेळ संपलेला असतो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची हजारो स्टोरेज उपकरणं कुलूपबंद केली. पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास या कंपनीवरच्या २०२२ च्या हल्ल्याचा एक धागा त्यांच्याच एका अभियंत्याच्या घरच्या संगणकापर्यंत पोहोचला. तिथे प्लेक्स या चित्रपट-गाण्यांच्या सर्व्हरची जुनी आवृत्ती चालू होती, आणि जी त्रुटी वापरली गेली ती प्लेक्सने मे २०२० मध्येच दुरुस्त केलेली होती. घरच्या सेवा आपण हौसेने बसवतो आणि अपडेट सवडीने करतो. ती सवड मिळेपर्यंतचा काळ सुरक्षित राहावा, म्हणून त्या सेवा बाहेरच्यांना दिसताच कामा नयेत.

वायरगार्ड मी सुचवतो ते या कारणासाठी. त्याच्याकडे येणाऱ्या पहिल्याच पॅकेटमध्ये (डेटाच्या तुकड्यात), पाठवणाऱ्याला सर्व्हरची पब्लिक की (दुसऱ्याला देता येणारी किल्ली) माहीत आहे याचा पुरावा असावा लागतो. नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, नकारसुद्धा नाही. हे घंटी नसलेलं आणि भिंतीत मिसळून गेलेलं दार आहे. राउटर बाकीच्या पोर्टवर आलेली पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, तर चाळणाऱ्याला वायरगार्डचा पोर्ट आणि बंद पोर्ट यांत फरकच कळत नाही. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं तेव्हा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा होता, म्हणजे एखाद्याला पूर्ण वाचून तपासता येईल एवढा. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून तो कर्नेलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. ओपनव्हीपीएन हा जुना पर्याय वाईट नाही, आधीपासून नीट चालू असेल तर राहू द्या. नव्याने सुरुवात करताना मात्र वायरगार्डच घ्या.

पहिलं काम राउटरवरच्या तपासणीचं. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा आणि घरातूनच एखाद्या ‘माझा आयपी कोणता’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमच्या राउटरवरच आहे, मार्ग मोकळा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी राखून ठेवला, आणि त्यात एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहक वाटून घेतात. अशा वेळी तुमच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून काही होत नाही, कारण पॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. वॅनवर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे. तो ब्रिज मोडवर (पत्ते न बदलता नुसता पूल म्हणून) टाकता येतो का बघा. पोर्ट फॉरवर्ड केला आणि तरी चालत नाही, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

त्याच पानावर असताना दोन गोष्टी बंद करा. एक, यूपीएनपी. ते चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरवर पोर्ट उघडून घेऊ शकतं, आणि एकच पोर्ट ठेवण्याच्या तुमच्या निश्चयाला अर्थ उरत नाही. दोन, राउटरचं पान बाहेरून उघडण्याची सोय.

मग घरच्या नेटवर्कचा पट्टा बदला. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच सेवा वाढायच्या आधी उरका. बहुतेक राउटर १९२.१६८.०.०/२४ किंवा १९२.१६८.१.०/२४ हाच पट्टा घेऊन येतात (/२४ म्हणजे फक्त शेवटचा आकडा बदलणारे पत्ते). तुम्ही जिथे पाहुणे म्हणून जाल तिथल्या वायफायवरही नेमका तोच असेल. मग लॅपटॉपला १९२.१६८.१.१० म्हणजे घरचा सर्व्हर की तिथला प्रिंटर हे ठरवता येत नाही, आणि पॅकेट टनेलमध्ये न जाता जवळच्या जाळ्यात जातात. टनेल चालू, हँडशेक (दोन्ही बाजूंची ओळखपरेड) झालेला, तरी सर्व्हर उघडत नाही, असं हे कोडं असतं. १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांतून मधले आकडे आडवेतिडवे घेऊन एक पट्टा निवडा, समजा घरासाठी १०.७३.४१.०/२४ आणि टनेलसाठी १०.७३.४२.०/२४.

आता वायरगार्ड. प्रत्येक उपकरणाला आपली कीची जोडी असते. प्रायव्हेट की त्याच उपकरणावर तयार होते आणि तिथून कधीच हलत नाही, पब्लिक की समोरच्याला द्यायची. सर्व्हरवर प्रत्येक उपकरण एक पीअर म्हणून नोंदवायचं. फोन आणि लॅपटॉप दोघांना एकच की देण्याचा मोह टाळा. वायरगार्ड सर्व्हर प्रत्येक कीमागे एकच बाहेरचा पत्ता लक्षात ठेवतो, ज्याचं पॅकेट शेवटी आलं त्याचा. दोन उपकरणं एकाच वेळी चालू झाली की ती एकमेकांची जोडणी हिसकावत राहतात, आणि ‘मधूनच तुटतं’ एवढंच तुम्हाला दिसतं. शिवाय एक उपकरण हरवलं तर दोन्हींचा प्रवेश काढावा लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘अलाउड आयपीज’ या ओळीवरून, म्हणून तिथे थोडं थांबतो. ही ओळ दोन कामं करते. पॅकेट बाहेर जाताना ती रूटिंगचं कोष्टक असते: या पत्त्यांकडे जायचं असेल तर या पीअरच्या टनेलमध्ये टाक. पॅकेट आत येताना तीच चाळणी असते: या पीअरकडून आलेल्या पॅकेटवर याच पत्त्यांपैकी एखादा पत्ता पाठवणाऱ्याचा म्हणून असेल तरच घे. त्यामुळे सर्व्हरवर फोनच्या नावापुढे फक्त फोनचा टनेलमधला एकच पत्ता लिहायचा, समजा १०.७३.४२.२/३२. दोन पीअरना तोच पत्ता दिला तर शेवटी लिहिलेल्याला तो मिळतो आणि आधीचा निमूट बाद होतो. फोनवर मात्र सर्व्हरच्या नावापुढे लिहायचं ते तुम्हाला टनेलमधून काय काय न्यायचंय त्यावर ठरतं. फक्त घरच्या सेवा हव्या असतील तर घराचे आणि टनेलचे पट्टे लिहा, बाकी इंटरनेट नेहमीच्या वाटेने जाऊ द्या. परक्या वायफायवर सगळीच वाहतूक घरातून न्यायची असेल तर ०.०.०.०/० लिहा, आणि सोबत आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) साठीचा तसाच सर्वसमावेशक पट्टाही लिहा. तो राहिला तर आयपीव्ही६ ची वाहतूक टनेलला वळसा घालून बाहेर जाते आणि तुमच्या लक्षातही येत नाही. फोनवर मी दोन वेगळी प्रोफाइल ठेवायला सांगतो, एक नेहमीसाठी, एक परक्या वायफायसाठी.

सेवा वायरगार्डच्याच संगणकावर असतील तर तो संगणक राउटरसारखा वापरण्याची, म्हणजे आयपी फॉरवर्डिंग चालू करण्याची गरजच नाही. फोनला सर्व्हरचा टनेलमधला पत्ता पुरतो. घरातलं दुसरं उपकरणही गाठायचं असेल तरच फॉरवर्डिंग चालू करा, आणि मग राउटरवर टनेलच्या पट्ट्यासाठी स्टॅटिक रूट (त्या पट्ट्याची वाट सांगणारी कायमची नोंद) घाला. मास्करेडिंगनेही (पाठवणाऱ्याच्या जागी वायरगार्डच्या संगणकाचा पत्ता लावण्यानेही) काम होतं, पण मग घरातल्या सगळ्या लॉगमध्ये प्रत्येक विनंती वायरगार्डच्या संगणकाकडूनच आलेली दिसते आणि कोणत्या फोनने काय केलं ते कळत नाही. राउटर स्टॅटिक रूट घेऊ देत नसेल तरच तो मार्ग धरा.

टनेलमधून आलेला प्रत्येक जण घरात कुठेही फिरू शकावा, हे मात्र गृहीत धरू नका. घरातल्या मंडळींच्या फोनला फोटोंची सेवा लागते, राउटरचं पान लागत नाही. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये टनेलच्या इंटरफेसवर सुरुवातीला सगळं बंद ठेवा, मग एकेक पत्ता आणि पोर्ट उघडा: घरातल्या मंडळींना ४४३ (वेबपानांचा), तुमच्या लॅपटॉपला ४४३ आणि २२ (एसएसएचचा, म्हणजे दुरून आज्ञा देण्याचा). फोनमध्ये उद्या एखादं खोडसाळ अॅप शिरलं, तर त्याला घरातलं किती दिसेल हे या चार ओळी ठरवतात.

इथे डॉकर (सेवा कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा, आणि तो गांभीर्याने घ्या. डॉकरने कंटेनरचा पोर्ट प्रकाशित केला की तो स्वतःचे आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम घालतो, आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यू या फायरवॉल-साधनाच्या नियमांपर्यंत जातच नाही. यूएफडब्ल्यूत पोर्ट बंद दिसतो आणि प्रत्यक्षात उघडा असतो. उपाय सोपा आहे: पोर्ट लिहिताना पुढे पत्ताही लिहा. रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या घेऊन योग्य सेवेकडे देणारं सॉफ्टवेअर) त्याच संगणकावर असेल तर १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःपुरता पत्ता, नाहीतर टनेलचा पत्ता. नुसता नंबर लिहिला तर तो सगळ्या इंटरफेसवर उघडतो. राउटरवर आयपीव्ही४ चा पोर्ट फॉरवर्ड केलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आयपीव्ही६ चालू असेल आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल ढिली असेल तर तोच कंटेनर जगाला दिसू शकतो.

एसएसएचचा पोर्ट २२ बाहेर उघडायचा नाही. टनेलच्या आतच ठेवा, त्यातही पासवर्डने लॉगिन बंद आणि फक्त एड२५५१९ या प्रकारची की. ओपनएसएसएच हे अतिशय काळजीपूर्वक लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, तरी जुलै २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने त्यात लॉगिनच्या आधीच वापरता येईल अशी गंभीर त्रुटी दाखवून दिली. ज्यांचा एसएसएच टनेलच्या मागे होता त्यांना अपडेट करायला निवांत वेळ मिळाला. दिवसभर नोकरी करून घरचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा वेळच सगळ्यात मोलाचा असतो.

घरचा सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका कायमच्या नावाशी जोडून ठेवणारी सोय) लावा. बहुतेक राउटरमध्ये सोय असते, नसेल तर सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट पुरते. एवढं लक्षात ठेवा की वायरगार्ड त्या नावाचा पत्ता टनेल सुरू होताना एकदाच विचारतो. घरचा पत्ता मध्येच बदलला तर तो जुन्याच पत्त्याकडे पॅकेट पाठवत बसतो. फोनवर टनेल बंद करून पुन्हा चालू केला की झालं. कायम चालू असणाऱ्या दुसऱ्या संगणकासाठी वायरगार्डच्या साधनांसोबत येणारी, नावाचा पत्ता पुन्हा तपासणारी स्क्रिप्ट टायमरवर लावा.

आता सीजीनॅटवाल्यांबद्दल. तुमच्याकडे आयपीव्ही६ असेल तर आधी ते आजमावा. त्यात प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळतो, त्यामुळे राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये वायरगार्डचा तेवढा यूडीपी पोर्ट उघडला की काम होतं. अडचण एवढीच की तुम्ही जिथून जोडताय त्या जाळ्यावरही आयपीव्ही६ हवं, आणि परक्या वायफायवर त्याची खात्री नसते.

दुसरा मार्ग म्हणजे टेलस्केल. ते आतून वायरगार्डच वापरतं, पण दोन्ही बाजू नॅटच्या (पत्ता बदलून देणाऱ्या राउटरच्या) मागे असल्या तरी थेट जोडणी जुळवून देतं. ते नाहीच जमलं तर त्यांच्या डर्प नावाच्या रिले सर्व्हरमधून पॅकेट नेतं. प्रायव्हेट की तुमच्या उपकरणांवरच असल्यामुळे रिलेला आतला मजकूर वाचता येत नाही. विश्वास ठेवावा लागतो तो कोणाची पब्लिक की तुमच्या जाळ्यात आहे हे ठरवणाऱ्या त्यांच्या सर्व्हरवर. तेही नको असेल तर टेलनेट लॉक वापरा, म्हणजे नवं उपकरण तुमच्याच एखाद्या उपकरणाने सही केल्याशिवाय आत येत नाही, किंवा हेडस्केल हा मुक्त सर्व्हर स्वतः चालवा. सीजीनॅटमागच्या बहुतेकांना मी साधं टेलस्केलच सुचवतो. स्वतः सगळं चालवण्याचा आग्रह चांगला आहे, पण अर्धवट सांभाळलेल्या हेडस्केलपेक्षा नीट बसवलेलं टेलस्केल बरं. दोन गोष्टी मात्र विसरू नका. ज्या खात्याने तुम्ही तिथे लॉगिन करता ते खातं आता तुमच्या घराची किल्ली झालं, तेव्हा त्यावर दोन टप्प्यांची खातरजमा हवीच. आणि तिथे उपकरणाच्या कीची मुदत मूळ सेटिंगनुसार १८० दिवसांची असते. घरच्या सर्व्हरसाठी ती बंद ठेवा, नाहीतर तुम्ही दूर असताना तो जाळ्यातून बाहेर पडेल आणि पुन्हा लॉगिन करायला घरी कुणी नसेल.

तिसरा मार्ग भाड्याच्या छोट्या व्हीपीएसचा, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी सर्व्हरचा. घरचा सर्व्हर आतून बाहेर व्हीपीएसकडे वायरगार्ड जोडणी करतो, फोनही व्हीपीएसकडेच येतो. इथे घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (वाट उघडी ठेवायला ठरावीक वेळाने पॅकेट पाठवणारी ओळ) २५ सेकंद ठेवावा लागतो, नाहीतर मधल्या नॅटमधली वाट काही वेळाने मिटते. घरी सार्वजनिक पत्ता असणाऱ्यांना फोनवर ही ओळ सहसा लागत नाही, उगाच बॅटरी खाते. या रचनेत फोनकडून आलेलं पॅकेट व्हीपीएसवर उलगडलं जातं आणि घराकडे जाताना पुन्हा गुंडाळलं जातं, म्हणजे व्हीपीएसचा ताबा ज्याच्याकडे त्याला मधला मजकूर दिसू शकतो. म्हणून टनेलच्या आतही एचटीटीपीएस हवंच. आणखी एक खाचखळगा: वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला तर समोरचा तो नाकारतो. आतलं घड्याळ नसलेला छोटा संगणक वीज गेल्यावर जुनी वेळ घेऊन उठला, तर वेळ जुळेपर्यंत टनेल बसत नाही. त्याला आधी टनेलबाहेरून वेळ घेऊ द्या, टनेल मागून सुरू करा.

क्लाउडफ्लेअर टनेलही लोकप्रिय आहे आणि सीजीनॅटमागून चालतो. मात्र वेबसाठी वापरताना एन्क्रिप्शन क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर उलगडतं. सर्वांसाठी खुल्या पानासाठी ठीक, पासवर्डच्या तिजोरीसाठी मी तो मार्ग घेणार नाही.

घरात एचटीटीपीएस कशाला, असं वाटू शकतं. वर सांगितलेलं कारण आहेच, शिवाय ब्राउझर आपल्या काही सोयी सुरक्षित जोडणीशिवाय देतच नाही, आणि पासवर्डच्या तिजोरीचं वेबपान त्यांच्याशिवाय चालत नाही. स्वतःचं एक डोमेन घ्या, सर्व्हरवर कॅडी किंवा इंजिनएक्स रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून बसवा आणि एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीने घ्या. या पद्धतीत डोमेनची मालकी एका डीएनएस नोंदीने सिद्ध होते, त्यामुळे पोर्ट ८० किंवा ४४३ बाहेर उघडावा लागत नाही. प्रमाणपत्र वाइल्डकार्ड, म्हणजे डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं, घ्या. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढतं आणि ती कुणालाही वाचता येते, म्हणून प्रत्येक सेवेच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्र घेणं म्हणजे घरात काय काय चालतं याची यादी छापून देणं. नूतनीकरणासाठी डीएनएस कंपनीचा जो एपीआय टोकन (नोंदी आपोआप बदलू देणारी किल्ली) सर्व्हरवर ठेवाल, तो त्या एका डोमेनपुरताच मर्यादित असू द्या.

डीएनएसमध्ये त्या नावांना सर्व्हरचा खासगी पत्ता द्या. घरात असा किंवा टनेलमध्ये, नाव तेच, पत्ता तोच, अॅपमध्ये काही बदलावं लागत नाही. मात्र फोनवरच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये आणि फायरवॉलच्या नियमांत तो पत्ता धरलेला हवा. काही राउटर बाहेरच्या डीएनएसकडून खासगी पत्ता आलेला दिसला की ते उत्तर गाळून टाकतात, रिबाइंडिंग हल्ल्यापासून (बाहेरच्या नावाला घरातला पत्ता देऊन ब्राउझरला फसवण्यापासून) बचाव म्हणून. बचाव चांगला आहे, तो सरसकट बंद करू नका, फक्त आपल्या डोमेनला अपवाद द्या.

टनेल न बसवणाऱ्या पाहुण्यांना फोटोंची लिंक पाठवायची असेल, तर तो प्रश्न वेगळा समजा. तेवढी एक सेवा खुली करा, आणि ती बाकीच्यांपासून तोडलेल्या संगणकावर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, जिथून घरच्या नेटवर्ककडे नवी जोडणी सुरूच करता येणार नाही. तिची अपडेट आपोआप होऊ द्या. असा संगणक कधीतरी हल्लेखोराच्या हाती जाईल असं धरूनच त्यावर काय ठेवायचं ते ठरवा.

सगळं बसवल्यावर चाचणी घरच्या वायफायवरून करू नका, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून करा. काही चाललं नाही तर सर्व्हरवर वायरगार्डची स्थिती दाखवणारी आज्ञा देऊन शेवटचा हँडशेक कधी झाला ते आधी बघा. हँडशेकच नसेल तर पॅकेट पोहोचत नाही किंवा की चुकली आहे: पोर्ट फॉरवर्ड, सीजीनॅट, पब्लिक की, याच क्रमाने बघा. हँडशेक ताजा आहे आणि पान उघडत नाही, तर दोष ‘अलाउड आयपीज’, फायरवॉल किंवा फॉरवर्डिंगमध्ये आहे. पिंग जातं, हलकी पानं उघडतात, फोटो मात्र अडकतात, तर तो एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, मामला. वायरगार्ड १,५०० मधून ८० बाइट बाजूला काढून १,४२० धरतो. पीपीपीओई (नाव-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) जोडणीवर मूळ एमटीयूच १,४९२ असतो, तिथे १,४१२ लावा. मोबाइल जाळ्यांवर तरीही अडलं तर सरळ १,२८० लावून बघा. काही कार्यालयीन आणि पाहुण्यांची जाळी यूडीपी अडवतात. त्यातल्या काही ठिकाणी यूडीपी ४४३ मोकळा असतो, कारण ब्राउझरही आता क्विक या वेब प्रोटोकॉलसाठी तो वापरतात, तेव्हा वायरगार्डच्या नेहमीच्या ५१८२० ऐवजी तो नंबर निवडायला हरकत नाही.

दुरून फायरवॉल बदलायची वेळ आली तर आधी दहा मिनिटांनी जुने नियम परत आणणारी आज्ञा लावून ठेवा. बदल केल्यावर नवी जोडणी उघडून बघा, ती चालली तरच ती आज्ञा रद्द करा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू ठेवा. आणि दूर जाणार असाल तर दुसरी स्वतंत्र वाट असू द्या, जसं की वायरगार्ड राउटरवर असेल तर सर्व्हरवर टेलस्केल.

फोन हरवल्यावर काय करायचं तेही आजच करून बघा. कोणती की कोणाच्या कोणत्या उपकरणाची हे सर्व्हरच्या फाइलमध्ये प्रत्येक पीअरच्या वर शेरा लिहून ठेवलेलं असावं. हरवलेल्या उपकरणाचा पीअर चालू टनेलमधून काढा, म्हणजे प्रवेश त्याच क्षणी थांबतो, आणि फाइलमधूनही काढा, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तो परत येतो. त्यानंतर त्या फोनमध्ये ज्या सेवांचं लॉगिन चालू होतं त्या प्रत्येक सेवेत जाऊन ती सत्रंही बंद करा, कारण टनेल तुटला तरी ती सत्रं आपोआप संपत नाहीत.